पुळणीवरची तकदीर आणि तदबीर

अलिबागहून मुरुडकडे निघालेली एसटी नागावच्या नारळी-पोफळीच्या वाड्या मागे टाकत चौलला पोहोचते. तिथून थोडे पुढे, अलिबागपासून सुमारे १७-१८ किलोमीटरवर, रेवदंडा लागते. एका बाजूला कुंडलिका नदीची रुंद खाडी, खाडीपलीकडे कोर्लईचा डोंगरी किल्ला, आणि अलीकडे पोर्तुगीजांनी बांधलेला रेवदंड्याचा पडका तट. या तटाच्या पायथ्याशीच समुद्र आहे. किनाऱ्याची वाळू करडी-काळसर, मागे सुरूची झाडे. कोकणात या वाळूच्या पट्ट्याला पुळण म्हणतात.

आम्ही घाटावरची माणसे. समुद्र आमच्याकडे भूगोलाच्या पुस्तकात असतो. आमच्या आपांचे सासर मात्र चौलचे, जुन्या कोकणी मुसलमानांच्या घरातले. दिवाळीच्या सुट्टीत चार दिवस त्यांच्याकडे राहून आलो. निघण्यापूर्वी मुलांनी विचारले होते, "तिथे किल्ला आहे, समुद्र आहे, मग खजिनाही असेल ना?" मुलांचा हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही, हे तिथे गेल्यावर कळले.

चौल हे पश्चिम किनाऱ्यावरचे फार जुने बंदर. टॉलेमीच्या ग्रीक भूगोलात ते सिमुल्ला या नावाने येते. अरब प्रवासी त्याला सैमूर म्हणत. प्रसिद्ध इतिहासकार अल-मसऊदी हिजरी ३०४ मध्ये, म्हणजे इ.स. ९१६ च्या सुमारास, इथे येऊन गेला. इथे सुमारे दहा हजार मुसलमान राहतात, असे त्याने लिहून ठेवले आहे. त्यांत सिराफ, ओमान, बसरा, बगदाद इथून आलेले होते आणि याच भूमीत जन्मलेलेही होते. त्यांचे आपसातले मामले पाहण्यासाठी राजाने त्यांच्यापैकीच एक प्रमुख नेमलेला असे, त्याला 'हुनरमन' म्हणत. आज कोकणातल्या मुसलमानांच्या घरी जे बोलले जाते, जे शिजते आणि जो शाफई मसलक पाळला जातो, त्यामागे शेकडो वर्षांची ही समुद्री ये-जा आहे.

पुढे १५०८ मध्ये इथेच इजिप्तच्या ममलूक सुलतानाचे आरमार आणि पोर्तुगीज यांची लढाई झाली. तीत पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा मारला गेला. १५२१ च्या सुमारास पोर्तुगीजांनी किल्ल्याचे काम सुरू केले. १५७०-७१ मध्ये अहमदनगरच्या निजामशाहीने त्याला वेढा घातला, पण किल्ला पडला नाही. १७४० मध्ये तो मराठ्यांकडे आला. हळूहळू खाडी गाळाने भरली, मोठी गलबते मुंबईकडे वळली आणि चौल मागे पडले.

ज्या बंदरात इतकी शतके माल उतरला, तिथल्या वाळूत काही ना काही पडलेले असणारच. पण असणे वेगळे आणि सापडणे वेगळे. या दोहोंमध्ये नशीब किती आणि कसब किती, याचा धडा आम्हाला या पुळणीवर मिळाला.

पहिला पाठ दिला आपांच्या सासूबाईंनी. त्यांना सगळे घर दादी म्हणते. त्यांनी भिंतीवरच्या हिजरी तारखांच्या कॅलेंडरकडे बोट दाखवून सांगितले, "समुद्रावर जायचे तर आधी चांद बघा." चांदरातीच्या आसपास आणि चौदहवीच्या चंद्राला उधाण असते. त्या दिवसांत भरती सर्वांत वर चढते आणि ओहोटीला पाणी सर्वांत मागे हटते. चांदाच्या ७-८ तारखेला आणि पुन्हा २२-२३ च्या सुमारास भांग असतो. तेव्हा पाण्याची ये-जा थोडीच असते.

वेळ काढायचा त्यांचा हिशेबही सोपा आहे. चांदाच्या तारखेत एक मिळवला की साधारण तिथी येते. तिथीला पाऊणने गुणले की त्या दिवसाच्या पूर्ण भरतीची वेळ मिळते. चौथ असेल तर चार गुणिले पाऊण, म्हणजे तीन वाजता भरती आणि सव्वासहा तासांनी ओहोटी. पौर्णिमेनंतर पुन्हा एकपासून मोजायचे. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा उगवतो, म्हणून भरतीही रोज तेवढीच पुढे सरकते. पंचवीस वर्षे आम्ही मुलांना भरती-ओहोटी फळ्यावर शिकवत आलो. घरातले चांदाचे कॅलेंडर हेच समुद्राचे घड्याळ आहे, हे दादींकडून कळले.

दुसरा पाठ खाडीच्या मुखाजवळ मिळाला. ओहोटीला उघड्या पडलेल्या ओल्या वाळूत एक कोळीण मावशी तिसऱ्या काढत होत्या. आम्हीही मुलांसह बसलो आणि तासभर उकरून जेमतेम ओंजळभर काढल्या. तेवढ्या वेळात मावशींची पाटी भरत आली होती. त्या सगळीकडे उकरत नव्हत्या. तिसरी वाळूखाली असली की वर बारीक भोके दिसतात, तिच्या श्वासाची आणि खाण्याची ती वाट असते. मावशींची नजर फक्त ती भोके टिपत होती. मुलीने विचारले, "मावशी, तुमचे नशीब चांगले आहे का?" त्या हसून म्हणाल्या, "पाणी कधी उतरतं ते ठाऊक पाहिजे न् खाली बघायची सवय पाहिजे, मग मिळतंय."

त्याच संध्याकाळी जे घडले त्याने हे दोन्ही पाठ पक्के झाले. आपांची सून, म्हणजे आमची भाचेसून, लहान मुलाला घेऊन पाण्याच्या कडेला बसली होती. मगरिबच्या थोडे आधी तिने त्याचे वाळूने माखलेले हातपाय लाटेत धुतले आणि सगळे घरी आलो. इशाच्या सुमारास तिचे लक्ष बोटाकडे गेले. अंगठी नव्हती. ती तिला महरमध्ये मिळालेली, अर्ध्या तोळ्याची. हात बराच वेळ पाण्यात राहिला की बोट थोडे आक्रसते आणि सैल अंगठी निसटते, ते कळतही नाही. महर ही बायकोची स्वतःची मिळकत, तिच्यावर दुसऱ्या कुणाचा हक्क नाही. त्यामुळे घरात तिला कुणी एका शब्दानेही बोलले नाही. पण ती रात्रभर झोपली नाही.

शेजारी एक वयस्क चाचा राहतात. उमेदीत ते मच्छीमारी होडीवर तांडेल होते. फजरनंतर ते आले आणि पहिली गोष्ट म्हणाले ती ही: "कुणीही पुळणीवर धावू नका. आधी बसून आठवा." त्यांनी भाचेसुनेला एकेक प्रश्न विचारला. पाणी चढत होते की उतरत होते? बसल्यावर मागे वळून पाहिले तेव्हा काय दिसत होते? तिला आठवले की तटातले एक मोठे भगदाड आणि त्यामागचा एक उंच माड एका रेषेत होते, आणि उजवीकडे कोर्लईच्या डोंगराचे टोक सुरूच्या शेवटच्या झाडाला टेकलेले दिसत होते. चाचांचे काम झाले. समुद्रात जाळे कुठे टाकले हे मच्छीमार असेच लक्षात ठेवतात. किनाऱ्यावरच्या दोन दोन खुणा एका रेषेत आणायच्या. अशा दोन रेषा जिथे एकमेकींना छेदतात, ती आपली जागा.

वेळेचा प्रश्न मोठा होता. दिवाळीची अमावस्या नुकतीच झाली होती. भाचेसून बसली होती ती जागा उधाणाच्या ओहोटीलाच उघडी पडते. सकाळी साडेसातच्या सुमारास पाणी पार मागे जाणार होते. दोन-तीन दिवसांनी ओहोटी तिथपर्यंत पोहोचणारच नव्हती. म्हणजे हातात होत्या मोजून तीन-चार ओहोट्या.

चाचांनी काठ्या रोवल्या, सुतळी बांधली आणि जागेचे चौकोन पाडले. एका चौकोनात दोघे. एकाने फावड्याने वीतभर वाळू उचलायची, दुसऱ्याने घमेल्यात घेऊन घरच्या गव्हाच्या चाळणीने पाण्यात चाळायची. एक चौकोन पुरा झाल्याशिवाय दुसऱ्यात जायचे नाही. मुलांना हे कंटाळवाणे वाटले. त्यांना इकडेतिकडे उकरायचे होते. पण इकडेतिकडे उकरण्यात एक तोटा असतो. काय तपासून झाले आणि काय राहिले, हेच शेवटी कळत नाही.

समुद्र वस्तू कशाही टाकत नाही, तो त्या वजनाप्रमाणे निवडून ठेवतो. नेहमीची वाळू पाण्याच्या सुमारे अडीचपट जड, तिच्यातले काळे लोहयुक्त कण साडेचार-पाच पट, शिसे अकरा पट, आणि शुद्ध सोने एकोणीस पटींहून जास्त. लाट येते तेव्हा हलके वर उचलले जाते आणि दूर जाते. जड वस्तू हळूहळू खाली बसते, खालचा कठीण थर किंवा शिंपल्यांचा थर लागेपर्यंत. म्हणून प्लास्टिकची चप्पल मैलभर वाहत जाते, पण अंगठी पडल्या जागेजवळच राहण्याची शक्यता जास्त. तासाभराने चाळणीत शिशाची छोटी वजने आली, मच्छीमारांच्या जाळ्यांना असतात तशी. चाचांचा चेहरा खुलला. "शिसे जिथे थांबते तिथेच सोने थांबते. आता याच थरात बघा."

पावसाळ्याचाही यात वाटा आहे. जून ते सप्टेंबरच्या मोठ्या लाटा पुळणीवरची वाळू ओढून समुद्रात नेतात. पुळण तेव्हा खाली बसते आणि जुने थर उघडे पडतात. पाऊस संपल्यावर शांत लाटा तीच वाळू पुन्हा किनाऱ्यावर आणून टाकतात. म्हणजे दिवाळीनंतर दिवसागणिक आमच्या अंगठीवर नवी वाळू चढत जाणार होती.

पहिल्या दिवशीची मिळकत अशी: दोन रुपयांची तीन नाणी, एक किल्ली, गंजलेले गळ, बाटल्यांची बुचे, शिशाची वजने आणि निळ्या-पांढऱ्या चिनी मातीच्या भांड्याचा नखाएवढा तुकडा. अंगठी नव्हती.

रात्री मुले थकून बसली तेव्हा त्यांना किनाऱ्यावरच्या खजिन्याची एक खरी हकीकत सांगितली. ती अमेरिकेतल्या फ्लोरिडाची आहे. १७१५ च्या जुलैत सोन्या-चांदीने भरलेला स्पॅनिश जहाजांचा काफिला क्युबातील हवानाहून स्पेनकडे निघाला. आठवडाभरातच तुफानाने त्यातली अकरा जहाजे फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर आदळून फोडली. सुमारे हजार माणसे बुडाली. स्पॅनिश लोकांनी बराच माल काढला, उरलेला समुद्रात राहिला, आणि जागा नेमकी कुठली हेच पुढे लोक विसरले.

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात त्या भागात किप वॅगनर नावाचा एक बांधकाम ठेकेदार राहायला आला. तुफानानंतर पुळणीवर कधीकधी काळवंडलेली चांदीची नाणी मिळतात, हे तिथे अनेकांना ठाऊक होते. लोक नाणे उचलत, खिशात टाकत आणि पुढे जात. वॅगनरने नाण्यांवरची सालेच पाहिली. १७१५ नंतरचे एकही नाणे त्यात नव्हते. म्हणजे ही नाणी एकाच वेळी बुडालेल्या जहाजांतून येत असणार. त्याने लष्कराचा जुना सुरुंगशोधक मोडीच्या भावाने विकत घेतला आणि किनाऱ्यामागची जमीन पायी पिंजून काढली. तिथे तुफानातून वाचलेल्या स्पॅनिश लोकांचा तळ सापडला. त्याचा एक डॉक्टर मित्र, केल्सो, वॉशिंग्टनच्या ग्रंथालयात जाऊन बसला. बर्नार्ड रोमन्स यांच्या १७७५ च्या पुस्तकात त्याला तो किनारा आणि बुडालेला काफिला दाखवणारा नकाशा मिळाला. त्यानंतर पाण्यात उतरायची जागा ठरली आणि खजिना निघाला. तो किनारा आज 'ट्रेझर कोस्ट' म्हणूनच ओळखला जातो.

मुलांना विचारले, "यात नशीब कुठले आणि कसब कुठले?" मोठा म्हणाला, "तुफान हे नशीब. साल वाचणे हे कसब." उत्तर बरोबर होते. तुफानाने नाणी सगळ्यांच्याच पायांशी टाकली होती. साल मात्र एकाने वाचले. आपल्याकडे जुनी माणसे तकदीर आणि तदबीर हे शब्द जोडीने वापरतात ते याचसाठी. तकदीर अल्लाहच्या हाती आहे, म्हणून तदबीर करायची नाही असा त्याचा अर्थ होत नाही. शाळेत आम्ही दोन्ही प्रकारची मुले पाहतो. एक परीक्षेला नशिबावर जाते, दुसरे नशिबाला परीक्षेत जागाच ठेवत नाही. शेवटी पेपर दोघांच्याही अंदाजाबाहेरचा निघू शकतो. फरक इतकाच की दुसऱ्याने आपल्या हातातले काम पुरे केलेले असते.

आता धातू शोधणारी यंत्रे मिळतात. मुलांनी तीही विचारली. यंत्रातल्या तारेच्या वेटोळ्यातून बदलते चुंबकीय क्षेत्र निघते, जमिनीतल्या धातूत त्यामुळे वीज खेळते, आणि यंत्र ती ओळखून वाजते. पण खाऱ्या पाण्याने ओली वाळू स्वतःच वीज वाहून नेते आणि काळ्या वाळूतले लोहकणही यंत्राला फसवतात. साधे स्वस्त यंत्र अशा पुळणीवर सारखे वाजतच राहते. यंत्र असले तरी कुठे, कधी आणि कोणत्या थरात पाहायचे हे माणसालाच ठरवावे लागते.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा चाळणी सुरू झाली. आठच्या सुमारास आमची धाकटी ओरडली. तिच्या चाळणीत सोन्याची अंगठी होती. सगळे धावले. भाचेसुनेने ती हातात घेतली, बोटाने पुसली आणि हळूच म्हणाली, "ही माझी नाही."

क्षणभर कुणालाच काही सुचले नाही. मग घरातलेच कुणी म्हणाले, "एक घेतली, अल्लाहने दुसरी दिली. ठेवून घे." म्हणणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता. रडून सुजलेले तिचे डोळे सगळ्यांना दिसत होते. समुद्राने दिलेली वस्तू, तीही इतक्या मेहनतीने शोधलेली. आमच्याही मनात आले की यात काय गैर आहे? तेव्हा भाचेसूनच बोलली: "माझी अंगठी ज्याला सापडेल तोही असेच म्हणाला तर?"

पुढे कुणी काही बोलले नाही. चाचांनी अंगठी रुमालात बांधली आणि दादींच्या हातात दिली.

सापडलेल्या वस्तूला शरीअतमध्ये लुकता म्हणतात. हजरत झैद बिन खालिद (रजि.) यांनी सांगितलेल्या हदीसमध्ये याबाबत प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण स्पष्ट आहे. वस्तूची पिशवी कशी, तिची दोरी कशी, हे नीट ओळखून ठेवायचे. वर्षभर लोकांत जाहीर करायचे. मालक आला आणि त्याने खूण सांगितली तर वस्तू त्याला द्यायची. रस्त्यात पडलेल्या एखाद्या खजुरासारख्या मामुली चिजेसाठी वर्षभर पुकारा करायला सांगितलेले नाही. पण सोन्याची अंगठी मामुली नव्हे.

वर्ष संपले आणि मालक आलाच नाही तर काय? त्या रात्री जेवताना यावर बरीच चर्चा झाली, कारण आम्ही हनफी आणि आपांचे सासर शाफई. हनफी मतानुसार, सापडवणारा खाऊनपिऊन सुखी असेल तर त्याने वस्तू मालकाच्या वतीने सदका करावी, गरजू असेल तर वापरावी. शाफई मतानुसार, वर्षभर जाहीर केल्यावर तो ती आपली करू शकतो. पण एका गोष्टीवर दोन्हींचे एकमत आहे. पुढे कधीही मालक आला तर त्याला वस्तू किंवा तिची किंमत मागण्याचा हक्क आहे. आणखी एक अदब दादींनी सांगितली. हरवले-सापडलेचा पुकारा मशिदीच्या आत करायचा नाही, दरवाजाबाहेर करायचा.

देशाचा कायदाही याच दिशेचा आहे. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे, दुसऱ्याची वस्तू सापडून ती ताब्यात घेणाऱ्यावर ठेव सांभाळणाऱ्याइतकीच जबाबदारी येते. आपण जिला अमानत म्हणतो, तीच ही. मालक शोधण्याचा वाजवी प्रयत्न न करता ती बेइमानीने आपली करणे हा गुन्हा आहे. जमिनीत दडलेला खजिना सापडला तर १८७८ च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तू, नाणी वगैरेंसाठी १९७२ चा पुरावस्तू कायदा आहे. आमच्या मुलीला मिळालेला निळा-पांढरा तुकडा आम्ही तिला वहीत काढायला लावला, जागा आणि तारीख लिहायला लावली, आणि परत तटापाशी ठेवायला लावला. जुन्या वस्तूचा अर्थ ती जिथे पडली आहे त्या जागेशी बांधलेला असतो. घरी कपाटात आणला की तो नुसता फुटका तुकडा उरतो.

मग समुद्राने टाकलेले आपण काहीच उचलायचे नाही का? तसे नाही. लाटेने आणलेले रिकामे शिंपले, घासून गुळगुळीत झालेले काचेचे तुकडे, लाकडाचे ओंडके यांना मालक नसतो. हजरत इब्ने अब्बास (रजि.) यांनी अंबरबद्दल म्हटले आहे की ते समुद्राने बाहेर फेकलेले आहे, त्याला दफिन्याचा हुकूम लागत नाही. पण हे वाचून कुणी आजच्या अंबराच्या मागे लागू नये. स्पर्म व्हेलच्या पोटात तयार होणारा हाच तो पदार्थ, ज्याला वर्तमानपत्रे 'व्हेलची उलटी' म्हणतात. आपल्या देशात वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे त्याची खरेदी-विक्री गुन्हा ठरते. कोट्यवधींच्या आशेने तो विकायला निघालेली कोकणातली तरुण मुले पकडली गेल्याच्या बातम्या आपण वारंवार वाचतो. किनाऱ्यावर तसे काही दिसले तर वन खात्याला कळवावे. काही जातींच्या शंख-शिंपल्यांनाही हा कायदा संरक्षण देतो. आत जीव असलेला कोणताही शिंपला तर जागेवरच ठेवावा.

अंगठी सापडल्यावर आणखी दोन ओहोट्या आम्ही चाळण्या घेऊन उतरलो. भाचेसुनेची अंगठी मिळाली नाही. मग पाणी त्या जागेपर्यंत मागे हटेना. चाचांनी काठ्या काढून घेतल्या. त्यांचे गणित चुकले असे आम्हाला वाटत नाही. जागा बरोबर होती, थर बरोबर होता, मेहनतही पुरी झाली होती. तरी वस्तू मिळाली नाही, आणि ज्या वस्तूसाठी कुणीच प्रयत्न करत नव्हते ती मिळाली. कसब माणसाला योग्य चौकोनापर्यंत नेते. त्या चौकोनात काय ठेवले आहे हे त्याच्या हाती नाही. मात्र चाळणीत जे आले त्याचे काय करायचे, ते पुन्हा पूर्णपणे त्याच्याच हाती येते. परतताना भाचेसून म्हणाली, "माझी मिळाली नाही तरी चालेल, हिची मालकीण मिळाली पाहिजे." तिचा चेहरा पहिल्या रात्रीपेक्षा बराच शांत होता.

समुद्रावर जाणाऱ्या भगिनींना एवढेच सांगणे की अंगठ्या, बांगड्या, कानातले घरीच ठेवून निघा. काही हरवलेच तर लगेच जागेवर काठी रोवा, मागच्या दोन खुणा लक्षात ठेवा आणि वेळ लिहून ठेवा. पावसाळ्यात शोधाशोध करायला पाण्यात उतरू नका, सोने जिवापेक्षा मोठे नाही. ओहोटीला पुढे गेलात तर परतीच्या भरतीची वेळ आधी काढून ठेवा.

जुम्याच्या नमाजनंतर चौलच्या मशिदीच्या दरवाजाबाहेर पुकारा झाला. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर चिठ्ठी लागली, पोलीस ठाण्यात नोंद झाली, पुळणीवरच्या शहाळेवाल्यांनाही सांगून ठेवले आहे. वर्ष अजून पुरे व्हायचे आहे. हे मासिक अनेक गावांत, अनेक घरांत जाते, म्हणून इथेही जाहीर करतो. रेवदंड्याच्या पुळणीवर सोन्याची एक अंगठी सापडली आहे. तिचे वजन, घडण आणि खूण आम्ही मुद्दाम लिहिलेली नाही. ती ज्यांची असेल त्यांनी संपादकांमार्फत खूण कळवावी. अंगठी दादींच्या कपाटात सुरक्षित आहे.